दुर्मीळ माशाची किंमत कशाची?

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं आणि आपण तिकीट काढून समुद्रातले मासे पाहू लागलो. पुढे तेच मासे आपल्याला घरी हवेसे वाटू लागले.

पण समुद्री मासा टाकीत सहसा वाढत नाही. प्रवाळातून धरावा लागतो. १९६०च्या दशकात फिलिपाइन्समध्ये त्यासाठी सायनाइड फवारू लागले. मासा गुंगून हाती लागतो, प्रवाळ मरतं. वाटेत मेलेल्या माशांचा खर्च जगलेल्याच्या भावात चढतो. म्हणजे जास्त पैसे मोजताना आपण काय विकत घेतो, बघा.

इंडोनेशियातला बांगाई कार्डिनल १९९०च्या दशकात बाजारात आला. याचा नर पिल्लं तोंडात सांभाळतो. ती दूर पसरत नाहीत. एका जागचे मासे उपसले की ती जागा रिकामीच. २००७ साली तो संकटग्रस्त ठरला. आणि गंमत अशी, की टाकीत वाढणाऱ्या मोजक्या माशांपैकी हा एक!

आपल्याकडे समुद्रघोड्याला २००१पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्याचा भाव विचारूच नये.

दुसरी वाट आपल्या नवी मुंबईतच आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास केली जाते. तेव्हा दुकानात 'कितीला?' म्हणण्याआधी 'कुठे जन्मला?' असं विचारू या. टाकीतला मासा थोडा महाग पडेलही. पण ते पैसे वाढवणाऱ्याच्या मेहनतीचे असतात, मेलेल्या माशांचे नव्हेत.