तेरणाकाठची पाखरांची शिकार आणि पाऊसमान

कबुतरांच्या शिकारीवर हवामानाचा होणारा परिणाम युरोपातील शिकारविषयक लेखनात मुख्यतः वाऱ्याच्या अंगाने मांडला गेला आहे. लंडनमध्ये 1869 साली स्थापन झालेल्या हर्लिंगहॅम क्लबात पेटीतून सोडलेल्या जिवंत कबुतरांवर नेम धरला जाई, 1900 सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही हा प्रकार झाला, आणि अशा खेळात पाखराचा वेग व वळण वाऱ्यावर ठरत असल्याने वारा ही नेमबाजाची कसोटी मानली जाई. लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या आसपास, म्हणजे तेरणा नदीच्या खोऱ्यातील आणि 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या मुलखात, हवामानाचा संबंध नेमाशी कमी आणि पाण्याशी व धान्याशी अधिक होता. पाखरे कोठे गोळा होतील हे पाऊसच ठरवीत असे.

या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात मनुष्याच्या नजरेस येणारी कबुतरवर्गीय पाखरे प्रामुख्याने तीन : पारवा, म्हणजे निळसर राखाडी रानकबूतर, होला, म्हणजे त्याहून लहान व बांध्याने सडपातळ पाखरू, आणि वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगणारा हरियाल, जो आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. माळावरची पखुर्डी दिसायला कबुतरासारखी असल्याने शिकारी तिलाही याच हिशेबात धरीत. पारव्याला उभी कपार लागते आणि ती त्याला खरोसा येथील लेण्यांत, औशाच्या किल्ल्याच्या तटात, गढ्यांच्या बुरुजांत व विहिरींच्या बांधीव कड्यांत मिळते. पारवा, होला आणि पखुर्डी ही तिन्ही कोरडे दाणे खाणारी पाखरे आहेत. किडे खाणाऱ्या पक्ष्यांना अन्नातूनच ओल मिळते, तशी यांना मिळत नाही, म्हणून त्यांना नेमाने पाण्यावर यावे लागते, आणि या एका गरजेवर शिकारीचे सारे गणित उभे असे.

लातूर जिल्ह्यात सरासरी पाऊस सुमारे 800 मिलिमीटर पडतो, पण त्याचा बहुतेक भाग मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांत येतो आणि मध्ये मोठी उघडीप पडते. पावसाळ्यात ओढे, डबकी, शेतातली तळी सगळीकडे पाणी असल्याने पाखरे पांगत व पाणवठ्यावर बसून राहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नसे. रब्बीची ज्वारी खळ्यावर आली की पारव्यांचे थवे खळ्यांकडे वळत. पोटरी-कणसाच्या दिवसांत ज्या पाखरांना शेतकरी माच्यावरून गोफणगुंड्याने हाकलीत असे, तीच पाखरे आता शिकाऱ्याला आयती सापडत. चैत्र-वैशाखात ओढे आटले म्हणजे पाणी मोजक्या डोहांत व बारवांत उरे आणि सकाळी व दिवस कलताना तेथे पाखरांची रीघ लागे. म्हणजे ज्या वर्षी पाऊस ओढ देई ते वर्ष शेतकऱ्याला जितके वाईट, तितकेच पाणवठ्यावरच्या शिकाऱ्याला, निदान काही महिने, सोयीचे होते.

रोजच्या हवेचाही विचार होताच. दाट धुक्यात पारवे कपार सोडायला उशीर करतात. पाखरे वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणून दडणाऱ्याने जागा वारा पाहून धरायची असते. पण हवेचा खरा ताप साधनांना होई. ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व छर्रे ठासून भरायच्या बंदुकीत, दमट हवेने दारू सर्द होऊन बार फुसका जाई. फासेपारध्यांची अडचण निराळी होती. त्यांचा फास घोड्याच्या केसांचा किंवा तातीचा, म्हणजे जनावराच्या स्नायूपासून वळलेल्या धाग्याचा असे. तात भिजली की सैल पडते आणि सुताचे जाळे भिजून जड होते. पारध्याला म्हणूनच आभाळ वाचावे लागे, आणि चुकल्यास त्याचे नुकसान नेम हुकलेल्या साहेबाइतके हलके नसे, कारण त्या दिवसाचे जेवण त्यावर अवलंबून होते. ब्रिटिश मुलखात 1871 च्या कायद्याने ज्या भटक्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला त्यांत पारधीही ओढले गेले. पाऊस व पाखरांमागे फिरणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, संशय मात्र पुष्कळ काळ टिकला.

1972 साली दोन गोष्टी एकत्र आल्या. मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याला मंजुरी मिळाली. दुष्काळी कामांतून व पुढे रोजगार हमीतून पाझर तलाव, म्हणजे पाणी अडवून जमिनीत मुरवणारे बंधारे, जागोजागी उभे राहिले. पाणी अनेक ठिकाणी वाटले गेल्याने पाखरांना एकाच डोहावर येण्याची गरज पूर्वीइतकी उरली नाही, आणि उन्हाळी शिकारीचा पायाच ढिला झाला असे म्हणावे लागते. 1991 च्या दुरुस्तीने परवान्यावर चालणारी शिकारही बंद झाली.

हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सालिम अली यांनी 1931-32 मध्ये केली व तिचे वृत्तान्त मुंबईतील नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या काळी पक्षिशास्त्रज्ञाचेही साधन बंदूकच होते. बंदुकीच्या शिकारीला असे लेखी स्मरण मिळाले. फासाच्या शिकारीतले पाऊसपाण्याचे ज्ञान मात्र तोंडीच राहिले, आणि ते जाणणारी वृद्ध माणसे औसा-निलंगा भागात हयात असेपर्यंत स्थानिक महाविद्यालयांनी ते टिपून घेणे हे या प्रदेशाच्या इतिहासाचे राहिलेले काम आहे.