जॅकीचं रडणं

परवा रविवारी लेकीला शेजारी बसवून चार्ली चॅप्लिनचा 'द किड' पाहिला. १९२१ चा, कृष्णधवल आणि मुका. ती सहा वर्षांची. रंग नाही, संवाद नाहीत, पाच मिनिटांत उठून जाईल असं वाटलं होतं. कसलं काय! पोरगं दगड मारून लोकांच्या खिडक्या फोडतं आणि पाठीवर काचा बांधलेला चार्ली अगदी सहज चालत आल्यासारखा तिथे उगवतो, हे बघून ती हसून हसून लोळायचीच बाकी होती.

मग तो प्रसंग आला. पोराला अनाथाश्रमात न्यायला माणसं येतात, उचलून गाडीत टाकतात. ते हात पसरून रडतंय, आणि चार्ली छपरांवरून गाडीमागे धावतोय. लेक एकदम गप्प. मग हळूच म्हणाली, "बाबा, तो खरंच रडतोय का रे?"

"नाही गं, ॲक्टिंग आहे," असं म्हणालो खरा, पण ते पूर्ण खरं नव्हतं.

त्या पोराचं नाव जॅकी कूगन, जन्म १९१४ चा. चॅप्लिनने आत्मचरित्रात याच प्रसंगाची हकिगत दिली आहे. जॅकी त्या दिवशी मस्तीत होता, काही केल्या रडेना. शेवटी त्याचे वडील पुढे झाले. रडला नाहीस तर तुला खरोखरच निराधारांच्या आश्रमात पाठवतील, असं त्यांनी त्याला सांगितलं. पोर ओक्साबोक्शी रडायला लागलं. नंतर चॅप्लिन समजूत घालायला गेला, तर जॅकी कुजबुजला की बाबा गंमत करत होते हे मला ठाऊक होतं. (खुद्द चॅप्लिनची १८९६ मध्ये, सातव्या वर्षी, लंडनच्या अशाच एका आश्रमात रवानगी झाली होती. त्याला मात्र कुणी गंमत म्हणून पाठवलं नव्हतं.)

आईबाप आपलं वाईट करणार नाहीत हा भरवसा जॅकीला होता. पुढे काय झालं ते वाचलं की पोटात कालवतं.

'द किड'नंतर जॅकी जगभर गाजला. लहानपणीची त्याची कमाई तीस-चाळीस लाख डॉलर असावी असा अंदाज सांगतात. १९३५ मध्ये वडील मोटार अपघातात गेले. त्याच वर्षी जॅकी एकवीस वर्षांचा झाला आणि त्याने आपल्या पैशांची चौकशी केली. आईने आणि सावत्र वडिलांनी हात वर केले. १९३८ मध्ये त्याने सख्ख्या आईवर दावा लावला. पण अज्ञान मुलाची कमाई आईबापांचीच, असा तेव्हाचा कॅलिफोर्नियातला कायदा. अखेर तडजोडीत त्याच्या हाती सुमारे १,२६,००० डॉलर आले.

त्याच्या प्रकरणावरून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. लोक त्याला 'कूगन कायदा' म्हणतात. त्यात पळवाटा बऱ्याच होत्या. प्रत्येक बालकलाकाराच्या कमाईतले १५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती व्हायला २००० साल उजाडलं. जॅकी १९८४ मध्येच गेला होता.

आपल्याकडे बालकामगार कायदा १९८६ चा. त्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत बालकलाकारांसाठी स्पष्ट तरतुदी आल्या: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. टीव्हीवर नाचणारी-गाणारी पोरं बघून आपण टाळ्या वाजवतो. हा हिशोब आपल्या मनातही येत नाही.

लेकीच्या आग्रहाखातर खिडक्यांचा प्रसंग पुन्हा लावला. या वेळी मला हसू आलं नाही. तिथेही दगड पोरगं मारतंय आणि पैसे मोठा माणूस घेतोय. पण पुढे खोलीत दोघं जेवायला बसतात. पोराने केलेली धिरडी चार्ली मोजून दोघांत अगदी सारखी वाटतो.

"बाबा, बघ, त्याला पण तेवढीच दिली!" लेक म्हणाली.

हो. सिनेमात दिली.