घराण्याचे दात की घराण्याचं पाणी?

‘आमच्या घरात सगळ्यांचेच दात किडतात’ हे वाक्य तुम्ही महाडच्या बाजारात ऐकाल आणि पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवरही. ऐकणारा लगेच म्हणतो, म्हणजे आनुवंशिक असणार. पीएच.डी.चा विचार करत असाल तर इथे जरा थांबा. एका घरातल्या माणसांची जनुकं सारखी असतात, पण त्यांचं ताटही एक असतं, पाणीही एक आणि बऱ्याचदा तोंडातले जंतूही. यातलं काय कशामुळे, हे वेगळं करायला बरीच वर्षं गेली.

१९४४ साली हंट, हॉपर्ट आणि एर्विन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. भरड दळलेला तांदूळ आणि दूध पावडर असा खुराक सगळ्यांना सारखाच. ज्यांचे दात लवकर किडले त्यांची आपसात पैदास केली, उशिरा किडले त्यांची वेगळी. काही पिढ्यांत दोन स्पष्ट वाण तयार झाले. झालं, दातांची कीड रक्तातून येते!

मग १९६० साली पॉल कीज यांनी हॅमस्टरवरचे प्रयोग मांडले. काही हॅमस्टरांचे दात गोड खाऊनही किडत नव्हते. त्यांना किडक्या दातांच्या हॅमस्टरांसोबत एका पिंजऱ्यात ठेवलं, तर त्यांचेही दात किडायला लागले. उलट, आईला पेनिसिलिन दिलं की पिल्लांचे दात किडेनात. म्हणजे ‘घराण्याचा गुण’ वाटत होता तो आईकडून पिल्लांकडे गेलेला जंतुसंसर्ग होता. मला हा प्रयोग फार आवडतो. पिंजरा बदलला आणि निष्कर्षच बदलला.

पण वारसा यामुळे बाद झाला नाही. १९६१ मध्ये हंट आणि हॉपर्ट यांनी रोझेन यांच्यासह उत्तर दिलं: संसर्ग खरा, पण त्यालाही आनुवंशिक मर्यादा आहेत. १९८८ साली मिनेसोटातल्या अभ्यासात, वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या दातांच्या स्थितीत साम्य दिसलं. २०१९ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात कीड आणि कवळीशी जोडलेली ४७ नवी ठिकाणं सापडली. प्रत्येकाचा परिणाम मात्र छोटा. एनॅमलची घडण, लाळ, चवीची जाण अशा बऱ्याच गोष्टींत हा वारसा विखुरलेला असू शकतो. त्या अभ्यासातले लोक बहुतांश युरोपीय वंशाचे होते, त्यामुळे तो आकडा उचलून थेट कोकणावर ठेवू नका.

आता महाडकडे या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचं ठरलं. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्यानंतर तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. खटल्याचा उच्च न्यायालयातला निकाल लागला १७ मार्च १९३७ ला.

याचा दातांशी काय संबंध? याच आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मांडलं होतं की जातीतल्या जातीत लग्न हा जातिव्यवस्थेचा गाभा आहे. म्हणजे लग्नाची सीमा आणि पाणवठ्याची सीमा एकाच रेषेवर. १९२६ साली महाडमध्ये कुणी जातवार किडके दात मोजले असते आणि फरक निघाला असता, तर त्याने बिनदिक्कत ‘रक्त’ लिहिलं असतं. पाण्याचा विचारही केला नसता. पुढे १९४२ मध्ये डीन यांनी अमेरिकेतल्या २१ शहरांतल्या ७,२५७ मुलांचे दात मोजून दाखवलं, की पाण्यात लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर कीड बरीच कमी असते.

म्हणून प्रस्तावात ‘जात’ हा रकाना जनुकांच्या जागी वापरू नका. परीक्षकांनी नाही विचारलं तरी तुम्ही स्वतःला विचारा: या रकान्यात पाणी, जमीन, ताट असं किती काही दडलंय?

या भागात एक वाट उपलब्ध आहे. महाड-पोलादपूरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला कामाला जातात. सख्ख्या भावंडांची जनुकं सरासरी निम्मी सारखी असतात. एक भाऊ गावी विहिरीच्या पाण्यावर, दुसरा मुंबईत नळाच्या, तर तुलना करता येते. फक्त मुंबईला कधी गेला ते नेमकं लिहून घ्या. अक्कलदाढ सोडली तर कायमच्या दातांचे माथे साधारण आठव्या वर्षापर्यंत घडून झालेले असतात. विसाव्या वर्षी गेलेल्याचं एनॅमल गावच्याच पाण्यावर बनलेलं. फ्लोराइड दात आल्यावरही वरून काम करतं, त्यामुळे आजचं पाणीही नोंदवावं लागेल. तेव्हा प्रश्नावलीत ‘सध्याचा पत्ता’ याच्या खाली आणखी एक ओळ घाला: आठव्या वर्षापर्यंत कुठल्या विहिरीचं, झऱ्याचं किंवा नळाचं पाणी प्यायलात?