क्लबचा सेवक ते नामवंत गोलंदाज : पालवणकर बाळू यांच्या वाटचालीचा सामाजिक अन्वयार्थ

प्रस्तावना

भारतीय क्रिकेटचा इतिहास बहुधा संस्थानिक, जिमखान्यांचे सभासद आणि सामन्यांचे निकाल यांच्या आधारे लिहिला गेला आहे. क्लबच्या मैदानावर वेतन घेऊन राबणारा वर्ग या इतिहासात अभावानेच आढळतो. इंग्लंडमध्ये हौशी ‘जंटलमन’ आणि मोबदला घेऊन खेळणारा ‘प्लेअर’ हा भेद उघडपणे मान्य होता व तो १९६२ पर्यंत टिकला. भारतातील क्लबांतही पैसे घेऊन गोलंदाजी करणारे लोक होते. मात्र त्यांची गणना खेळाडूंत न होता नोकरांत होत असे. हे अंतर ओलांडणाऱ्या पालवणकर बाळू यांच्या वाटचालीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुण्यातील क्लब आणि श्रमाचे मोल

बाळू यांचा जन्म १८७० च्या दशकात धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस असल्याने त्यांचे बालपण पुण्यात गेले. पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबमध्ये खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरवणे अशी कामे ते करीत. त्यासाठी त्यांना दरमहा तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबमध्ये चार रुपये वेतनावर रुजू झाले. तेथे सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करणे हेही त्यांच्या कामाचा भाग बनले. जे. जी. ग्रेग हे त्या काळातील नामांकित फलंदाज होते. बाळू त्यांना बाद करतील त्या प्रत्येक वेळी ते आठ आणे देत, असे सांगितले जाते. या सरावातूनच बाळू यांची डावखुरी फिरकी घडली. मात्र त्यांच्या हाती बॅट दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे सेवकाचे श्रम, तर फलंदाजी हा सभासदाचा विरंगुळा, अशी ही विभागणी होती. क्लबने बाळू यांचे श्रम विकत घेतले आणि त्या श्रमांतूनच त्यांचे कौशल्य सिद्ध झाले. परंतु त्या कौशल्याला खेळाडूचा दर्जा देण्याची व्यवस्था क्लबपाशी नव्हती.

मैदान आणि पंगत

युरोपियन संघांना हरवायचे तर असा गोलंदाज संघात हवा, ही निकड पुण्यातील हिंदू क्लबला जाणवली. त्यांना संघात घेण्याबाबत सभासदांत मतभेद झाले. अखेरीस त्यांची निवड झाली. मैदानावर सर्व खेळाडू एकाच चेंडूला स्पर्श करीत. परंतु चहाच्या वेळी बाळू यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई व जेवणही वेगळे वाढले जाई. जे त्यांच्यासमवेत खेळतात त्यांनी त्यांच्यासमवेत खाणेपिणेही करावे, अशी भूमिका न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी घेतल्याचे सांगितले जाते. गुणवत्तेला मिळालेली मान्यता मैदानाच्या सीमारेषेपाशी थांबत होती.

मुंबई : नोकरी आणि खेळ

१८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाळू मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले आणि पुढे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली. त्या काळी क्लबकडून खेळाचे मानधन मिळत नसे. त्यामुळे अशी नोकरी हाच सामान्य घरातील खेळाडूचा खरा आधार होता. पुढील काळात मुंबईच्या अनेक क्रिकेटपटूंना बँका व कंपन्यांतील नोकऱ्यांनी तारले. त्या प्रथेचे पूर्वरूप येथे दिसते. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. बाळू यांच्यासह त्यांचे बंधू शिवराम हेही या विजयात सहभागी होते. सुधारकांनी या विजयाकडे जातिनिर्बंध सैल केल्याचे फलित म्हणून पाहिले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाला बहुतेक सामने गमवावे लागले. बाळू यांनी मात्र १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या एकूण ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी मिळवले. समोरचे अनेक फलंदाज व्यावसायिक होते, हे लक्षात घेता या आकड्यांचे महत्त्व वाढते.

कर्णधारपदाचा प्रश्न

इतकी योग्यता सिद्ध होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळू यांना लाभले नाही. १९२० मध्ये नेतृत्वाच्या प्रश्नावरून विठ्ठल व शिवराम या बंधूंनी संघातून माघार घेतली आणि अन्यायास जाहीर वाचा फोडली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा संघाने जिंकली. बळी घेण्याचा अधिकार एका पिढीला लवकर मिळाला. आज्ञा देण्याचा अधिकार मिळण्यासाठी मात्र धाकट्या भावाची कारकीर्द व उघड निषेध यांची गरज पडली.

निष्कर्ष

बाळू यांच्या यशाचे वर्णन केवळ ‘गुणवत्तेचा विजय’ असे केल्यास इतिहासाचा अर्धाच भाग हाती लागतो. गुणवत्तेने त्यांना संघात नेले, परंतु पंगत आणि नेतृत्व यांची दारे तिने उघडली नाहीत. स्थानिक क्लबांचा इतिहास सभासदांच्या याद्यांवरून आणि धावफलकांवरून लिहिला जातो तेव्हा रोलर ओढणारे व सरावात गोलंदाजी करणारे हात त्यातून निसटतात. त्या हातांपैकी एक इंग्लंडपर्यंत पोहोचला म्हणून त्याची नोंद राहिली. उरलेल्यांचा शोध क्लबांच्या वेतनपत्रकांतून घेणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील काम आहे.