चालकविरहित सामायिक वाहने आणि साथरोग-नियंत्रण : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :

अनोळखी माणसे एकामागून एक ज्या वाहनात बसतात, त्या वाहनातून रोगाचा प्रसार कसा रोखावा, हा प्रश्न सार्वजनिक वाहतुकीइतकाच जुना आहे. चालकविरहित वाहनांमुळे त्याला आज नवे रूप प्राप्त झाले आहे. या प्रश्नाची चर्चा प्रामुख्याने अभियांत्रिकीच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात तिचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. रोगप्रतिबंधाचा भार प्रवाशावर टाकावा की वाहनाच्या मालकावर, हा येथील मध्यवर्ती प्रश्न होय.

१. लंडनमधील भाड्याच्या घोडागाड्या :

एकोणिसाव्या शतकात लंडनमधील देवी व तापाचे रुग्ण भाड्याच्या घोडागाडीतूनच रुग्णालयात जात आणि त्याच गाडीत पुढे दुसरा प्रवासी बसे. यावर उपाय म्हणून ब्रिटिश संसदेने १८६६ च्या आरोग्य कायद्यात तरतूद केली. घातक संसर्गजन्य रोग झालेल्या व्यक्तीने मालकास अथवा चालकास पूर्वसूचना न देता सार्वजनिक वाहनात प्रवेश केल्यास पाच पौंडांपर्यंत दंड ठरविण्यात आला. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने ही तरतूद पुढे चालविली आणि असा रुग्ण नेल्याचे ठाऊक असल्यास गाडीचे निर्जंतुकीकरण करण्याची जबाबदारी मालक व चालक यांच्यावर टाकली. तथापि, त्यांचा खर्च व नुकसान भरून निघेल एवढी रक्कम मिळाल्याशिवाय रुग्णास नेण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते.

या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. सत्य सांगणाऱ्या रुग्णावरच जादा खर्चाचा बोजा पडत असे, आणि सत्य लपविल्यास मालकाची जबाबदारी उद्भवतच नसे. १८६७ साली स्थापन झालेल्या मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्डाने १८८० च्या दशकात संसर्गजन्य रुग्णांसाठी स्वतंत्र गाड्यांची व्यवस्था उभारली, तेव्हा या पेचातून वाट निघू लागली. केवळ दंडाच्या भीतीने जे साधणे कठीण होते, ते पर्यायी सोयीमुळे शक्य झाले.

२. मुंबई इलाख्यातील रेल्वे-तपासणी :

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. त्यानंतर हजारो लोक रेल्वेने व बोटीने शहर सोडू लागले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेल्या साथरोग अधिनियमाने रेल्वे वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा व संशयितांना अलग ठेवण्याचा अधिकार शासनास दिला. पुण्यातील घरझडत्यांचा व २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या हल्ल्याचा इतिहास मराठी वाचकास परिचित आहे. त्या मानाने रेल्वे स्थानकांवरील तपासणी दुर्लक्षित राहिली. अंगावरील गाठी शोधण्यासाठी प्रवाशांची शरीरे तपासली जात. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना याची झळ सर्वाधिक बसली, आणि स्त्रियांच्या तपासणीमुळे तीव्र असंतोष निर्माण झाला.

ज्या गोष्टीमुळे रोग पसरत होता, ती मात्र या तपासणीतून निसटत होती. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे उंदरावरील पिसवांची भूमिका दाखवून दिली. १९०५ पासून मुंबईत कार्य करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने तिला भक्कम पुष्टी दिली. धान्याची पोती व सामान यांतून पिसवा प्रवास करीत असताना शासन माणसांची शरीरे तपासत होते. रोगप्रसाराचा मार्ग न ओळखता केलेली सक्ती अपमानकारक तर ठरतेच, शिवाय निष्फळही ठरते, हा या प्रकरणाचा बोध होय.

३. बंदिस्त वाहनातील हवा :

१९ जानेवारी २०२० रोजी चीनच्या चेच्यांग प्रांतात एका धार्मिक कार्यक्रमास गेलेल्या बसमधील ६८ जणांपैकी मूळ रुग्णासह २४ जणांना कोविड-१९ ची लागण झाल्याचे आढळले. बसमधील वातानुकूलन यंत्रणा आतलीच हवा पुन्हा फिरवीत होती. मूळ रुग्णाच्या जवळ बसलेल्यांना दूर बसलेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक धोका आढळला नाही. यावरून धोका केवळ शेजारच्या आसनापुरता मर्यादित नसून तो संपूर्ण वाहनातील हवेत असू शकतो, हे स्पष्ट होते. त्याच वर्षी ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी मोटारीतील वायुप्रवाहाचा संगणकीय अभ्यास केला. त्यात चारही खिडक्या उघड्या ठेवणे सर्वांत हितकारक ठरले.

४. चालकाविना वाहन :

मार्च २०२० मध्ये वेमो कंपनीने अमेरिकेतील फिनिक्स परिसरातील प्रवासी सेवा थांबविली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तेथेच पूर्णतः चालकविरहित सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. चालक नसल्याने चालक व प्रवासी यांच्यातील परस्पर संसर्गाचा प्रश्न मिटला, हे खरे. परंतु १८६६ च्या कायद्याने ज्याला सूचना द्यावयास सांगितले होते, तो माणूसही त्याबरोबरच नाहीसा झाला. आजारी प्रवासी ओळखणे, खिडकी उघडणे, आसन पुसणे, मळलेली गाडी फेरीतून काढून घेणे, ही कामे चालक कसलाही गाजावाजा न करता करीत असे. ती आता कोणी करावयाची?

ही पोकळी कॅमेरे व तापमापकांनी भरून काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु लक्षणे नसलेला बाधित मनुष्यही रोग पसरवू शकतो. तापमापक त्यास ओळखू शकत नाही. अशी यंत्रणा म्हणजे १८९७ च्या स्थानकावरील तपासणीचीच नवी आवृत्ती ठरेल.

निष्कर्ष :

चालकाचे कर्तव्य प्रवाशाकडे न सोपविता ते वाहनाच्या रचनेत व मालकाच्या दायित्वात अंतर्भूत करावयास हवे. बाहेरील ताजी हवा आत घेणे ही वाहनाची मूळ स्थिती असावी. प्रवाशास खिडकी उघडता यावी. दोन फेऱ्यांमध्ये हवा बदलण्यास पुरेसा अवधी मिळावा आणि स्वच्छतेचे दायित्व, कोणी आजार कळविला असो वा नसो, मालकाकडेच राहावे. तसेच आजार प्रांजळपणे सांगणाऱ्यास जादा भाडे न आकारता स्वतंत्र वाहन मिळावे. सत्य सांगणाऱ्याचे नुकसान करणारा नियम रोगास लपण्याची जागा देतो. लंडन आणि मुंबई या दोन्ही शहरांच्या इतिहासाची साक्ष हीच आहे.