मलबार हिलचा 'रेट' आणि माझा फसलेला आलेख

माझा पहिला आलेख दिसायला फार देखणा होता. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर मलबार हिलचा दर चौरस फुटाचा भाव, आणि रेघ सरळ वर. एमएस्सी भौतिकशास्त्रात केलेली, त्यामुळे रेघ मिळाली की बरं वाटतं. गाइड मॅडमनी आलेख पाहून एवढंच विचारलं, "भाव कशाचा?"

मी गप्प. कारण उत्तर दर काही दशकांनी बदलत होतं.

1880च्या दशकात गव्हर्नरचं निवासस्थान परळहून (जिथे आज हाफकिन संस्था आहे) मलबार पॉइंटला आलं आणि टेकडीचा मान आणखी वाढला. तेव्हाचे व्यवहार म्हणजे बंगला आणि भोवतालची जमीन. चौरस फुटाला फ्लॅटचा भाव ही कल्पनाच तिथे लागू होत नाही.

खरी गोची पुढे आहे. 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधून टाकली. त्यामुळे जुन्या भाडेकरूची पावती दशकानुदशकं जवळपास तीच राहिली. मग जागेची टंचाई दिसायची कुठे? पगडीत. पण पगडी घेणं त्या कायद्याने गुन्हा होता, म्हणजे ती रक्कम कागदावर येणारच नाही. तिला मान्यता मिळाली ती थेट 1999च्या कायद्यात. मी मात्र पावत्यांचे आकडे 'बाजारभाव' म्हणून भरून मोकळी झाले होते! आकडे अस्सल होते, पण ते कायद्याचं मोजमाप होतं, बाजाराचं नाही.

दरम्यान मालकीच्या सदनिका आल्या, 1963चा 'मोफा' कायदा आला, आणि विक्रीची वस्तूच बदलली. तिथेही क्षेत्रफळ कुठलं धरायचं? कार्पेट, बिल्टअप की सुपर बिल्टअप? तोच फ्लॅट, तीच किंमत, पण भागाकार वेगळा. 2016च्या रेरा कायद्यानंतर कार्पेटवर भर आला, म्हणून जुन्या जाहिरातींतले दर आजच्या दरांशेजारी तसेच ठेवता येत नाहीत.

शिवाय अशा वस्तीत घरं विकली जातात मोजकीच. एखाद्या वर्षी नव्या टॉवरमधल्या चार-सहा मोठ्या सदनिकांची नोंदणी झाली की सरासरी उसळते, आणि आपण म्हणतो 'मार्केट वर गेलं'. यावर बेली, मूथ आणि नूर्स यांनी 1963मध्ये मांडलेली पुनर्विक्री पद्धत आहे : तेच घर दोनदा विकलं गेलं असेल तरच दोन किमतींची तुलना करायची. पद्धत सुंदर आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या घर न विकणाऱ्या टेकडीवर अशा जोड्या आणायच्या कुठून?

होमी भाभांच्या 'मेहरानगीर'चंच बघा. 2014मध्ये लिलावात बंगला 372 कोटींना गेला. मी तो आकडा 'घराची किंमत' या रकान्यात टाकला होता. 2016मध्ये बंगला पाडला गेला. मग ते 372 कोटी घराचे होते, जमिनीचे, की त्यावर जे बांधता येईल त्याचे?

सध्या माझ्याकडे एका रेघेऐवजी चार तुटक तुकडे आहेत : जमीन, भाडं, सदनिका आणि पुनर्विकास. भाड्याच्या तुकड्याखाली मी मोठी रिकामी जागा सोडली आहे, पगडीसाठी. मॅडमना आलेख आता कुरूप वाटतो, पण प्रकरण त्यांनी परत पाठवलेलं नाही.