"रक्तातच असतं" म्हणण्याआधी जुळ्यांकडे बघा

परवा टेमघरला चहाच्या टपरीवर उभा होतो. मोबाईल चोरीत एका पोराला पोलिसांनी उचललं, त्याची चर्चा चालली होती. एक काका म्हणाले, "त्या लोकांच्या रक्तातच असतं हो ते." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी तिथं वाद घातला नाही. पण बातमीदारीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज लिहितोच.

सगळं रक्तातच असतं, तर हुबेहूब जुळी भावंडं सारखीच निघायला हवीत ना? एकाच गर्भाचे दोन भाग, तीच आई, तेच घर, तीच शाळा. माझ्या ओळखीत असे दोन भाऊ आहेत. शाळेत मास्तर दोघांत गल्लत करायचे. आज एक सायझिंगमध्ये नोकरी करतो, दारूला शिवत नाही. दुसऱ्याचा संसार दारूपायी मोडला. रक्त तेच होतं की!

जुळ्यांचा हा प्रश्न पद्धतशीरपणे हाती घेतला तो इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने, १८७५ साली. जुळ्यांची माहिती पत्रं पाठवून गोळा केली आणि निकाल दिला की संगोपनापेक्षा आनुवंशिकता भारी. ज्या सारख्या जोड्या पुढं वेगळ्या झाल्या, त्यांचं कारण त्याने आजारपणावर ढकललं. १८८३ मध्ये त्यानेच 'युजेनिक्स' हा शब्द काढला. म्हणजे 'चांगल्या' रक्ताची माणसं वाढवायची. त्या विचाराच्या वाटेनेच १९३३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला.

आपल्याकडे तर इंग्रजांनी १८७१ मध्येच गुन्हेगार जमाती कायदा केला होता. पुढं तो आपल्या भागातही आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. पोलिसांकडे हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. टपरीवरच्या काकांच्या तोंडून अजून गेलेला नाही.

आता गंमत बघा. याच गाल्टनने १८९२ मध्ये बोटांच्या ठशांवर पुस्तक लिहिलं. ठशांचा सरकारी कामात वापर त्याआधी बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ पासून सुरू केला होता. ठशांवरून माणसाचा वंश, स्वभाव कळेल अशी गाल्टनची आशा होती. तसं काहीच हाती लागलं नाही. उलट ठसा ज्याचा त्याचा वेगळा हे पक्कं झालं. जुळ्यांचेही ठसे हुबेहूब जुळत नाहीत. आधार केंद्रावर जुळ्यांची वेगळी नोंद होते ती त्यामुळेच.

असं का होतं? बोटांवरच्या रेषा पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उमटतात. बाळ कुठल्या कुशीवर आहे, बोटावर किती दाब येतोय, वाढीचा वेग किती, यावर त्या ठरतात. एका वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांनाही पोषण कमी-जास्त मिळतं. म्हणजे 'तीच परिस्थिती' पोटातसुद्धा तीच नसते.

जन्मानंतर तर आणखी फरक पडतो. एकाला चांगले मास्तर भेटतात, दुसऱ्याला टायफॉईड होतो, संगत बदलते. २००५ मध्ये स्पेनच्या शास्त्रज्ञांनी जुळ्यांच्या ४० जोड्या तपासल्या. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा लहान जुळ्यांत जवळपास सारख्या होत्या. वयस्क जुळ्यांत, त्यातही जे वेगळं आयुष्य जगले त्यांच्यात, फरक जास्त होता.

जनुकांना अर्थ नाही असं मी म्हणत नाही. उंची, चेहरा, काही आजार तिथून येतात. पण आयुष्य कसं जाईल, हे तिथं आधीच लिहिलेलं नसतं.

भिवंडीकरांना हे वेगळं सांगायला नको. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर "या गावाच्या रक्तातच दंगल आहे" असं आपल्याबद्दलही बोललं जायचं. मग १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी पोलिसांसोबत एकत्र बसू लागले. १९९२-९३ ला मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. माणसं तीच, गल्ल्या त्याच. रक्त काही कुणी बदललं नव्हतं.

त्या पकडलेल्या पोराने चोरी केली असेल तर कायद्याने शिक्षा होईल. ती त्याची एकट्याची. त्याच्या धाकट्या भावाला उद्या कुणी कामावर ठेवणार का, हे मात्र तुमच्या-माझ्या हातात आहे.

पटतंय का बघा.